मदत हवी आहे: मागचा ब्रेक मारला की चाक फ्रेममध्ये तिरकं होतंय

रंकाळाफेरी
नमस्कार मंडळी. सायकल स्टीलच्या फ्रेमची, एकच गिअर, मागे १६० मिमी रोटरचा (चकतीचा) डिस्क ब्रेक. कॅलिपर (चकतीला पकडणारा भाग) सीटस्टे (सीटकडून मागच्या चाकाकडे येणारी नळी) आणि चेनस्टेच्या (पायडलकडून मागे येणारी आडवी नळी) मधल्या कोनात, आतल्या बाजूला. ड्रॉपआउटची (फ्रेमच्या ज्या पट्टीत चाक बसतं तिची) खाच आडवी, मागे उघडी. चाक क्विक रिलीजवर (हाताने आवळायच्या लिव्हरवर). जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना मागचा ब्रेक जोरात धरला की चाक तिरकं होतं आणि टायर डाव्या चेनस्टेला घासायला लागतो. क्विक रिलीजची लिव्हर गच्च आवळूनही फरक नाही. दुकानात सांगितलं, डाव्या बाजूला चेन ताणायचा स्क्रू, म्हणजे चेन अ‍ॅडजस्टर लावा. तो लावू का, की हबच (चाकाचा मधला भाग) बदलावा लागेल?

पानापक्कड
थांबा, आधी चाक सरकतंय कुठल्या बाजूने ते बघा. टायर डाव्या चेनस्टेला घासण्याची कारणं दोन असू शकतात. चढावर पायडलचा जोर लागून उजवी बाजू पुढे ओढली गेली तरी टायर डावीकडेच जातो, आणि ब्रेकमुळे डावी बाजू मागे गेली तरी डावीकडेच. नुसता घासलेला टायर बघून ओळखता येत नाही.

चाक मधोमध बसवा. दोन्ही ड्रॉपआउटवर नटाच्या आणि लिव्हरच्या तोंडाच्या कडेला लागून बारीक मार्करने रेघ मारा. मोकळ्या मैदानात हळू जाऊन फक्त मागचा ब्रेक चार-पाच वेळा जोरात धरा, मग रेघा बघा. उजवी बाजू पुढे आणि चेन ढिली असेल तर दोष पायडलच्या ओढीचा. डावी बाजू मागे आणि चेन होती तशीच असेल तर ब्रेकचा. तोवर या सायकलवर घाट उतरू नका.

तीन_दरवाजा
डावीकडे चेन अ‍ॅडजस्टर लावून टाका भावा. जुन्या बावीस इंची सायकलींना दोन्ही बाजूंना असतोच की. शे-दीडशे रुपयांत काम होतंय.

उद्यमनगरी
अ‍ॅडजस्टर इथे उपयोगाचा नाही, आणि का नाही हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. त्याचा नट आवळला की एक्सल (चाकाचा आस) मागे ओढला जातो. म्हणजे तो एक्सलला फक्त पुढे जाऊ देत नाही, मागे जायला तो पूर्ण मोकळा असतो. जुन्या सायकलींना पायडलची ओढ पुढे असते म्हणून तो तिथे चालतो. डिस्क ब्रेकमध्ये जोर उलट्या दिशेने येतो.

गणित करून बघा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सपाटीवर नुसत्या मागच्या ब्रेकने, चाक घसरायच्या आधी, रस्ता टायरला साधारण २५० न्यूटनने मागे ओढतो. चाकाची त्रिज्या ३४० मिमी, पण पॅड रोटरला मध्यापासून जेमतेम ७३ मिमीवर पकडतात. तेवढंच चाक थांबवायला पॅडना साडेचारपटीहून जास्त, म्हणजे ११५० न्यूटनच्या आसपास जोर लावावा लागतो. कॅलिपर एक्सलच्या पुढे-वर असल्यामुळे हा जोर चाकाला मागे आणि वर ढकलतो. रोटर डावीकडे, त्यामुळे जवळपास सगळा भार एकट्या डाव्या ड्रॉपआउटवर. रिम ब्रेकमध्ये (चाकाची कड पकडणाऱ्या) तेवढ्याच ब्रेकिंगला एका बाजूला अडीचशे-पावणेतीनशे न्यूटन येतात. म्हणून पूर्वी जी पकड पुरत होती ती आता पुरत नाही.

चेन उजवीकडे आहे. डाव्या बाजूला एक्सल धरून ठेवणारं काय, तर फक्त लॉकनट (ड्रॉपआउटला आतून टेकणारा एक्सलवरचा नट) आणि लिव्हरच्या तोंडाचे दाते. त्यांची पकड कोण खातंय ते शोधा. हब बदलायची घाई नको.

पानापक्कड
बरोबर. माझ्या मते पहिला संशय एक्सलच्या लांबीवर. चाक काढा. लॉकनटच्या बाहेर एक्सल किती मिमी येतोय ते दोन्ही बाजूंना व्हर्नियरने मोजा, आणि ड्रॉपआउटची जाडी मोजा. एक्सल जाडीपेक्षा किमान अर्धा ते एक मिमी कमीच हवा. जास्त असेल तर लिव्हर ड्रॉपआउटला आवळतच नाही, एक्सलच्या टोकावर जाऊन टेकते. हाताला गच्च लागते आणि फ्रेमला पकड शून्य. तुमचं लक्षण अगदी असंच वाटतंय. काही लिव्हरच्या तोंडाला आतून थोडी खोली असते, पण तिच्यावर विसंबू नका.

मग ड्रॉपआउटवर दात्यांचा ठसा बघा. पूर्ण गोल उमटला असेल तर ठीक. अर्धचंद्रासारखा एकाच कडेला असेल तर दोन्ही ड्रॉपआउट समांतर नाहीत, फ्रेमवाल्याकडून सरळ करून घ्या. रंगाचा नुसता चुरा झालेला दिसला तर दाते लोखंडापर्यंत पोचलेच नाहीत. पावडर कोटिंगचा थर जाड असतो आणि दाबाखाली तो बसत जातो. लॉकनट आणि लिव्हर टेकतात तेवढ्याच गोलातला रंग पॉलिश पेपरने काढा, थिनरने पुसा. ग्रीस त्या गोलात नको. बाहेरच्या कडेला क्लिअर वार्निशचा हात द्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसात महिनाभरात गंज धरतो.

रंकाळाफेरी
दोघांचेही आभार. मोजलं. ड्रॉपआउट ६ मिमी. एक्सल डावीकडे ६.५ आणि उजवीकडे ३.५ मिमी बाहेर. रेघांच्या चाचणीत डावी बाजू मागे गेली, चेन तशीच राहिली. लिव्हरचा कॅम (फिरून आवळणारा भाग) बाहेर उघडा दिसतो, खाली प्लास्टिकचं वॉशर आहे. कानशीने डावीकडचा एक्सल घासू का?

उद्यमनगरी
घासू नका! दोन्ही बाजू मिळून १० मिमी आहे, म्हणजे एक्सल योग्य लांबीचा आहे, फक्त डावीकडे सरकून बसलाय. छर्रे बदलताना असं होतं. फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) काढायचा पाना लावून फ्रीव्हील उतरवा, दोन्हीकडचे लॉकनट आणि कोन (छर्रे धरून ठेवणारे शंकूसारखे नट) सैल करा. एक्सलचे आटे १ मिमी पिचचे असतात, एका फेऱ्याला १ मिमी सरकतो. उजवीकडे दीड फेरा सरकवला की दोन्हीकडे ५-५. कोन आणि वॉशरचा क्रम बदलू देऊ नका, म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि रोटरची जागा तीच राहील. कोन बसवताना चाक हातात फिरवून बघा, कडक नको आणि आडवं हलतही नको. क्विक रिलीज आवळल्यावर एक्सल किंचित दबतो, म्हणून चाक बाहेर असताना अगदी नावापुरतं हललं तर चालतं.

पानापक्कड
आणि ती लिव्हर बदला. उघड्या कॅमची लिव्हर प्लास्टिकच्या वॉशरवर घासते, हाताचा निम्मा जोर तिथेच जातो. कॅम आत बंद असलेली, पूर्ण स्टीलची, तोंडाला टोकदार दाते असलेली घ्या. कॅमला आणि नटाच्या आट्यांना ग्रीस लावा. शंकूसारख्या स्प्रिंगा लहान तोंड हबकडे ठेवून बसवा. उलट्या बसवल्या की त्या मध्ये चेपतात आणि पकड जाते. लिव्हर फ्रेमपासून सरळ बाहेर काटकोनात आली की प्रतिकार सुरू व्हावा, आणि पूर्ण बंद करताना तळहातावर वळ उठावा एवढा जोर लागावा.

तीन_दरवाजा
मग माझ्या साध्या सायकलचं काय? रिम ब्रेक, नटवाला एक्सल, चढावर उजवी बाजू पुढे येते.

पानापक्कड
तुमच्यासाठी अ‍ॅडजस्टर योग्य, पण उजवीकडे नक्की असू दे. चेन मधोमध १० ते १५ मिमी हलायला हवी, त्याहून ताठ नको. नटाखाली दातेरी वॉशर घाला, आट्यांना तेलाचा थेंब द्या. १० मिमी एक्सलचे नट १५ नंबरच्या पान्याने ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत, म्हणजे २० सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण १८-२० किलोचा जोर. दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर चाक तिकडे ओढलं जातं.

रंकाळाफेरी
एक शेवटचं. एवढं करूनही सरकलं तर?

उद्यमनगरी
हब छर्रे-कोनवाला आहे, त्यामुळे पोकळ एक्सल काढून त्याच आट्यांचा भरीव, नटवाला टाकता येतो. लांबीचा हिशोब असा: हब १३५ मिमीचा असेल तर ड्रॉपआउट दोन मिळून १२, वॉशर ४, नट २०, म्हणजे १७१. १७० ते १७५ मिमीचा मागा. तयार मिळाला नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर कापून मिळेल. कापण्याआधी एक नट कापायच्या खुणेच्या आत चढवून ठेवायला सांगा. कापून झाल्यावर तो उलटा फिरवत बाहेर काढला की टोकाचे आटे आपोआप साफ होतात.