मदत हवी आहे: चित्रपटाचं पार्श्वसंगीत घरच्या ५.१ यंत्रणेवर सगळ्या चॅनेलांसह कसं वाजवावं?

नमस्कार मंडळी,

चित्रपटाचं पार्श्वसंगीत चित्राशिवाय, निव्वळ संगीत म्हणून ऐकायची मला फार आवड आहे. गाणी नव्हे, प्रसंगामागे वाजणारा मोठा वाद्यवृंद म्हणते आहे मी. संवाद आणि स्फोटांखाली दबलेली व्हायोलिनची ओळ एकटी ऐकली की अख्खा प्रसंग कशाच्या जोरावर उभा होता ते कळतं. असं बरंच संगीत ५.१ (पाच चॅनेल आणि खालच्या स्वरांचा एक वेगळा ‘.१’) मिश्रणात जमवलं आहे, पण घरी ते पूर्ण वाजतच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

यंत्रणा अशी आहे: ५.१चा एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं उपकरण), पुढे दोन उभे स्पीकर, मधे एक आडवा, मागे दोन छोटे, आणि सबवूफर (खालचे स्वर वाजवणारा स्पीकर). एसएसीडी (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची संगीताची डिस्क) आणि डीव्हीडी दोन्ही वाजवणारा प्लेअर आहे, आणि लॅपटॉप. प्लेअर आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडले आहेत, टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला गेली आहे. चित्रपट बघताना यात काही खटकत नाही.

आता अडचणी. मल्टिचॅनेल एसएसीडी लावली की रिसीव्हरच्या पडद्यावर फक्त ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा डिजिटल ध्वनी) येतं आणि डावा-उजवा एवढेच दोन दिवे लागतात. सगळे स्पीकर चालू करणारा मोड निवडला तर मागूनही आवाज येतो, पण तो पुढचाच आवाज मागे पुन्हा वाजतोय हे लगेच कळतं. मला ते नको आहे. एका डीव्हीडीवर चित्रपटासोबत फक्त पार्श्वसंगीताचा वेगळा ५.१ ट्रॅक आहे. तिथे ‘डॉल्बी डिजिटल’ असं दिसतं, मागचे स्पीकरही बोलतात, पण हळुवार जागा आणि पूर्ण वाद्यवृंदाचा कडेलोट यांच्यात फरकच उरत नाही, सगळं एकाच उंचीवर. सहा चॅनेलच्या फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या ध्वनीच्या) फाइल पेनड्राइव्हवरून रिसीव्हर उघडतच नाही, आणि लॅपटॉपवरून लावल्या तर त्याही दोन चॅनेलमध्ये येतात. शिवाय एक जुनी डीटीएसची (डॉल्बी डिजिटलसारख्याच दुसऱ्या मल्टिचॅनेल पद्धतीची) सीडी आहे. तिची वेव्ह फाइल करून लॅपटॉपवर लावली तर नुसता खरखराट.

मिश्रण करणाऱ्याने चेलो मधे ठेवला असेल तर तो मधूनच यावा, सभागृहाची आस (रेंगाळणारा घुमारा) मागे ठेवली असेल तर ती मागेच राहावी. त्यासाठी जोडणी बदलावी लागेल की नवं उपकरण घ्यावं लागेल? मागच्या स्पीकरची आणि सबवूफरची पातळी चित्रपटासाठी एक आणि संगीतासाठी दुसरी ठेवायची असते का? आणि जे अल्बम फक्त स्टिरिओमध्येच आहेत ते पाच स्पीकरवर पसरवावेत की दोनवरच ऐकावेत?

प्रतिसाद १

तुमची सगळी उपकरणं ठीक दिसतात. अडचण टीव्ही मधे असण्याची आहे.

ऑप्टिकल केबलमधून दोनच प्रकार जातात: दोन चॅनेलचं साधं पीसीएम, नाहीतर दाबून छोटं केलेलं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. सहा चॅनेलचं न दाबलेलं पीसीएम त्यातून जाऊच शकत नाही, डॉल्बी ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओही नाही. त्यातून टीव्ही प्लेअरला सांगतो की मला पीसीएमचे दोनच चॅनेल घेता येतात, म्हणून प्लेअर सहाचे दोन करून पाठवतो. यात मधला चॅनेल ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात मिसळतात, मागचेही तसेच, आणि एलएफई म्हणजे ‘.१’चा चॅनेल बहुतेक वेळा सरळ टाकून देतात. तुमच्या नगाऱ्यांचा तळ त्यातच जात असणार.

प्लेअर आणि लॅपटॉप एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमधून चित्र टीव्हीला द्या. आठ चॅनेलचं पीसीएम एचडीएमआयच्या पहिल्या आवृत्तीपासून चालतं, त्यामुळे रिसीव्हर जुना असला तरी, तो एचडीएमआयवरचा आवाज स्वतः घेणारा असेल तर, काळजी नको.

एसएसीडीसाठी प्लेअरच्या मेनूत आणखी दोन गोष्टी बघा. या डिस्कवर स्टिरिओ आणि मल्टिचॅनेल असे दोन वेगळे भाग असू शकतात, आणि हायब्रिड डिस्क असेल तर साध्या सीडीचा थरही असतो. प्लेअर आधी कोणता भाग वाचतो ते मेनूत ठरतं, तिथे मल्टिचॅनेल निवडा. दुसरं म्हणजे एचडीएमआयवर डीएसडी (एसएसीडीवरचा मूळ ध्वनिप्रकार) द्यायचं की पीसीएम. डीएसडी तसंच दिलं की बऱ्याच रिसीव्हरमध्ये स्पीकरचं अंतर, खालच्या स्वरांची वाटणी वगैरे हिशोब लागू होत नाहीत. तुमचे मागचे स्पीकर छोटे आहेत, तेव्हा पीसीएमच ठेवा. डीएसडी अस्सल म्हणून तेच हवं असा आग्रह धरणारे भेटतील, पण छोट्या स्पीकरवर खालचे स्वर हरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

लॅपटॉपवर ध्वनीच्या सेटिंगमध्ये रिसीव्हर निवडून स्पीकरची रचना ५.१ करा. फ्लॅकमध्ये आठ चॅनेलपर्यंत जागा असते, फाइलचा दोष नाही. बऱ्याच रिसीव्हरचा यूएसबी भागच दोन चॅनेलपलीकडे वाचत नाही.

प्रतिसाद २

खरखराट आणि सपाट आवाज, या दोन्हींची उत्तरं सोपी आहेत.

डीटीएस सीडीवर पाच-सहा चॅनेलचा सांकेतिक डेटा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या साध्या ध्वनीचा वेश घेऊन बसलेला असतो. तो जसाच्या तसा रिसीव्हरपर्यंत गेला तरच उलगडतो. वाटेत लॅपटॉपने आवाज एका पायरीने कमी केला, इक्वलायझर लावला किंवा ४४.१चे ४८ किलोहर्ट्झ केले की बिट बदलतात आणि उरतो तो खरखराट. लॅपटॉपचा आवाज पूर्ण ठेवा, वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला ध्वनियंत्रणेचा एकट्याचा ताबा द्या. ऐकण्याचा आवाज मात्र आधी रिसीव्हरवर अगदी खाली आणून ठेवा, कारण तो खरखराट पूर्ण जोरात आला तर स्पीकरचे ट्विटर जाऊ शकतात. ताबा द्यायची सोय नसेल तर फाइल सॉफ्टवेअरमध्येच उलगडून सहा चॅनेलची फ्लॅक करून घ्या, कटकट कायमची संपेल. आणि मूळ सीडी प्लेअरमध्ये घालून बघितलीत का? प्लेअरचं डिजिटल आउट बिटस्ट्रीमवर (न उलगडता डेटा तसाच पाठवणं) असेल तर ती सरळ वाजायला हवी.

डीव्हीडीवर सगळं एका उंचीवर येतंय, कारण कुठेतरी डायनॅमिक रेंज कंट्रोल (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) चालू आहे. ‘नाइट मोड’, ‘डीआरसी’, ‘लेट नाइट’ अशी नावं असतात. प्लेअर, टीव्ही, रिसीव्हर, तिन्हींच्या मेनूत शोधा आणि बंद करा, ‘ऑटो’वरसुद्धा ठेवू नका. रात्री शेजाऱ्यांना त्रास न देता संवाद ऐकू यावेत म्हणून ती सोय आहे. वाद्यवृंदाच्या संगीतावर ती लावणं म्हणजे संगीतच कापणं.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांनी जोडणीचं नीट सांगितलं आहे. तुम्ही पातळीबद्दल विचारलंत, माझ्या मते खरा विषय तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे ध्यानात घ्या की चित्रपटातलं संगीत आणि त्याच संगीताचा मल्टिचॅनेल अल्बम यांची मिश्रणं वेगळी असू शकतात. चित्रपटात मधला स्पीकर संवादांचा. संवादांना जागा राहावी म्हणून संगीत बहुधा मधून काढून डाव्या-उजव्यात आणि थोडं मागे पसरवतात. तुमच्या डीव्हीडीवरच्या वेगळ्या ट्रॅकमध्ये मधला स्पीकर जवळजवळ गप्प असेल तर घाबरू नका, बिघाड नाही तो. अल्बमसाठी नव्याने मिश्रण केलेलं असेल तर मधून भरपूर ऐकू येईल. काही अल्बम चारच किंवा पाचच चॅनेलचे असतात, ‘.१’ नसतोच. म्हणून एखाद्या डिस्कवरून निदान करू नका, एकेका चॅनेलचं नाव उच्चारणारी चाचणीची फाइल लावून एकदा सगळ्या वाटा तपासा.

मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करताना वाद्यवृंद-संचालकाच्या डोक्यावर इंग्रजी ‘टी’च्या आकारात तीन मायक्रोफोन टांगायची पद्धत १९५०च्या दशकापासून चालत आली आहे, तिला डेका ट्री म्हणतात. डावा, उजवा आणि थोडा पुढे काढलेला मधला. त्या मधल्या मायक्रोफोनला स्वतःचा स्पीकर मिळाला की मधली वाद्यं घट्ट एका जागी बसतात. सभागृहाच्या मागच्या बाजूला लावलेले मायक्रोफोन मागच्या चॅनेलांत जातात आणि त्यांत मुख्यतः भिंतींवरून परतलेला आवाज असतो. तो मुळात हळूच असायला हवा. मागचे स्पीकर ‘ऐकूच येत नाहीत’ म्हणून लोक त्यांची पातळी चार-पाच डेसिबलने चढवतात आणि मग पितळी वाद्यं पाठीमागे येऊन बसतात. बरोबर पातळीची माझी खूण अशी: मागचे बंद केले की सभागृह आक्रसल्यासारखं वाटावं, चालू असताना मात्र त्यांच्याकडे लक्ष जाऊ नये. मिश्रकाने वाद्यंच मागे ठेवली असतील तर गोष्ट वेगळी, पण तीही सपाट पातळीवरच योग्य ऐकू येतात.

म्हणून चित्रपटाला एक आणि संगीताला एक अशा पातळ्या मी ठेवत नाही. रिसीव्हरचा चाचणीचा आवाज लावून, बसायच्या जागी ध्वनिमापक धरून, त्यावर ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ या सेटिंग ठेवून पाचही स्पीकर ७५ डेसिबलवर आणा आणि मग हात लावू नका. अपवाद सबवूफरचा. चित्रपटाच्या मिश्रणात एलएफई चॅनेल बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त जोराने वाजवला जाईल असं धरलेलं असतं. संगीताच्या काही डिस्क तो हिशोब न धरता बनवल्या आहेत, त्यावर नगारे एकदम अंगावर येतात. अशा डिस्कपुरती एलएफईची पातळी खाली घ्या.

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा. उभे स्पीकर मोठे दिसतात म्हणून त्यांना ‘लार्ज’ करण्याचा मोह होतो, पण बऱ्याच खोल्यांत सबवूफर तेच काम जास्त नीट करतो.

आता जागा. बसायच्या जागेपासून पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेच्या दोन्हीकडे ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत आहे. म्हणजे मागचे स्पीकर खरं तर बाजूला, कानाच्या किंचित मागे हवेत. तुमचे पार पाठीच्या भिंतीवर असतील तर आधी ते हलवा, नव्या उपकरणाने होणार नाही एवढा फरक याने पडेल. चित्रपटगृहात दोन्ही भिंतींवर स्पीकरच्या रांगा असतात, म्हणून तिथे मागचा आवाज पसरट येतो. तोच परिणाम घरी आणायला काही जण दोन्ही दिशांना आवाज फेकणारे डायपोल स्पीकर लावतात. संगीतासाठी मी सरळ कानाकडे तोंड केलेलेच स्पीकर सुचवेन.

अंतराची नोंदही मेनूत मोजून भरा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. पुढचे स्पीकर ३ मीटरवर आणि मागचे १.२ मीटरवर असतील तर मागचा आवाज ५ मिलिसेकंद आधी पोचतो आणि कान त्याच्याकडे ओढले जातात.

स्टिरिओ अल्बम मी दोनच स्पीकरवर ऐकतो. पसरवायचेच असतील तर सगळीकडे तेच वाजवणारा मोड नको. रिसीव्हरमध्ये डॉल्बी प्रो लॉजिक २ असेल तर त्याचा ‘म्युझिक’ प्रकार घ्या आणि ‘सेंटर विड्थ’ वाढवा, म्हणजे सगळं मधल्या स्पीकरात गोळा होणार नाही. जुन्या चित्रपटांच्या दोन चॅनेलच्या ध्वनिपट्टीत मधला आणि मागचा चॅनेल मिसळून लपवलेला असतो, तिथे मात्र ‘मूव्ही’ प्रकारच योग्य, कारण तो लपवलेलं बाहेर काढतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लेअर आणि लॅपटॉप थेट रिसीव्हरला जोडले. एसएसीडीवर आता ‘मल्टी इन’ दिसतं आणि पाच चॅनेलचे दिवे लागतात. चेलो मधे आला. इतकी वर्षं मी तो डावीकडचा समजत होते, तो मुळी मधलाच होता! प्लेअरमधला डीआरसी बंद केल्यावर डीव्हीडीवरचा शेवटचा कडेलोट ऐकून खरंच अंगावर काटा आला. मागचे स्पीकर पाठीच्या भिंतीवर होते, ते बाजूला घेतले आहेत. ध्वनिमापक अजून मिळालेला नाही, तोवर रिसीव्हरसोबतच्या मायक्रोफोनने पातळी लावली आहे.

एक अडचण उरली आहे. लॅपटॉपवरून फ्लॅक लावल्या की प्रत्येक ट्रॅकची सुरुवात कापली जाते. जे संगीत शांततेतून हळूच उगवतं, त्याचं उगवणंच ऐकू येत नाही. आणि डॉल्बी ॲटमॉस (उंचीवरचेही चॅनेल असलेली पद्धत) मधले अल्बम टीव्हीवरच्या ॲपमधून ऐकायचे असतील तर ऑप्टिकल ठेवावी का?

प्रतिसाद १

सुरुवात कापली जाते कारण प्रत्येक ट्रॅकला लॅपटॉप एचडीएमआयवरचा आवाज थांबवून पुन्हा सुरू करतो आणि रिसीव्हरला नवा प्रवाह ओळखायला क्षणभर लागतो. सगळं पीसीएममध्येच पाठवा, पूर्ण अल्बमची यादी एकत्र लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू करा. एकाच अल्बममधल्या सगळ्या फाइल एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला घेतलेल्या ध्वनीच्या नमुन्यांची संख्या) आहेत ना ते तपासा, कारण ४८वरून ९६ किलोहर्ट्झवर उडी मारली की पुन्हा ओळख सुरू होते. पहिल्याच ट्रॅकसाठी यादीच्या सुरुवातीला पाच सेकंदांच्या शांततेची सहा चॅनेलची फाइल ठेवा, तीही त्याच रेटची.

ॲपसाठी ऑप्टिकल काढा आणि रिसीव्हरच्या आउटमधून टीव्हीला गेलेलीच एचडीएमआय केबल टीव्हीच्या एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा रिसीव्हरला पाठवणारी सोय) लिहिलेल्या सॉकेटात घाला. दोन्हीकडच्या मेनूत एआरसी चालू करा. स्ट्रीमिंगचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो आणि तो साध्या एआरसीतून जातो, ई-आर्कची (एआरसीच्या सुधारित आवृत्तीची) गरज ट्रू-एचडीला लागते. तुमचा रिसीव्हर ५.१चा असल्याने त्याला उंचीचे चॅनेल वेगळे काढता येणार नाहीत, पण तेच संगीत ५.१मध्ये पूर्ण मिळेल. टीव्हीच्या ध्वनी मेनूत ‘पीसीएम’ऐवजी ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’ करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा दोनच दिवे लागतील.