ओल्ड्समोबाइलच्या मखमली सीट काढून लेदर घालू का?

गॅरेजमधला_रविवार:
मंडळी, इकडे ओहायोत एका आजोबांकडून १९७४ ची ओल्ड्समोबाइल नाइन्टी-एट रीजन्सी ही जुनी अमेरिकी गाडी घेतली. मागची सीट अजून नवी वाटते, त्या उशा शिवल्यासारख्या फुगीर गाद्या, बटणं, सगळं जागेवर. पण ड्रायव्हरची बाजू पार बसलीये, चालवताना डावीकडे कलायला होतं आणि मांडीपाशी मखमल घासून टक्कल पडलंय. सीट शिवणारा म्हणतो सगळं उसवून लेदर घाल, टिकेल. मन होत नाहीये माझं. काय करू?

टाका_दोरा:
लेदर नको, प्लीज! सीट बसलीये ती कापडामुळे नाही, आतल्या मालामुळे. खाली नागमोडी स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग फोम आणि वर कापड असा थर असतो, आणि पन्नास वर्षांत फोमचा भुगा होतो. डावी बाजूच का, तर चढता उतरता सगळा भार त्याच कडेवर येतो. कव्हर आत तारेला छोट्या कड्यांनी अडकवलेलं असतं, हॉग रिंग म्हणतात त्यांना, त्या पकडीने तोडल्या की एक टाका न उसवता कव्हर निघतं. स्प्रिंग तपासा, गोणपाट आणि फोम नवा घाला. दबलेली मखमल वाफ देऊन ब्रश फिरवला की बरीच उठते. टक्कल पडलंय तेवढ्याच भागाला नवं कापड जोडा, फक्त लव मूळ कापडाच्याच दिशेला हवी, उलटी लागली तर एकच रंग दोन वेगळे दिसतात.

क्रोम_आणि_मखमल:
वरच्याशी शंभर टक्के सहमत. अरे ती सीट म्हणजेच ती गाडी आहे! १९७२ ला ओल्ड्समोबाइलला ७५ वर्षं झाली म्हणून रीजन्सी काढली, ती याच दिवाणखान्यातल्या सोफ्यासारख्या सीटसाठी. मग १९७४ ला कॅडिलॅकने टॅलिस्मन आणली, एवढ्या अवाढव्य गाडीत फक्त चार जणांची जागा आणि पुढे मागे दोन्हीकडे मधोमध लांब कन्सोल, म्हणजे दोन सीटांमधला कप्पा. लेदर म्हणजे भारी हे डोक्यातून काढ, जुन्या लिमोझिनमध्ये लेदर शोफरच्या सीटला असायचं आणि मालक मागे मऊ कापडावर बसायचे. त्या काळात कापडाचा विचारच वेगळा होता, एएमसी या अमेरिकी कार कंपनीने १९७३ ला ग्रेमलिन या छोट्या गाडीत लिव्हाइस जीन्ससारख्या सीट दिल्या, तांब्याच्या बटणांसकट, पण खरं डेनिम आगीच्या नियमात बसेना म्हणून ते निळं नायलॉन होतं. एवढा खटाटोप आता कोण करतं?

लांब_पल्ला:
मी माझ्या जुन्या ब्यूइकला लेदर घातलं आणि आजही हळहळतो. सलग सीट, त्यात लेदर, वळणावर माणूस सरकत जातो आणि हिवाळ्यात सकाळी बसवत नाही. मूळ कापड मी टाकून दिलं, ती सगळ्यात मोठी चूक. तुम्ही बदललंत तरी कापडाचा एक तुकडासुद्धा टाकू नका.

गॅरेजमधला_रविवार:
काल सीट उलटी केली. कडेची एक स्प्रिंग तुटलेली आणि फोम हात लावला की पिवळी पूड. शिवणाऱ्याला सांगितलं, मखमल राहणार. आता तोच म्हणतोय मापाचा फोम कापून देतो.