धर्मग्रामातला शांतिगट: कामाचा की मनाच्या समाधानाचा?

निळी शाई

पॅक्स क्रिस्ती ही कॅथलिकांची शांतता-चळवळ. 1945 साली फ्रान्समध्ये सुरू झाली, आता मुख्यालय ब्रुसेल्सला. पण तिचं रोजचं काम चालतं ते धर्मग्रामातल्या, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरातल्या, छोट्या गटांतून. मूठभर माणसं ठरलेल्या दिवशी जमतात, प्रार्थना करतात, पोपचं एखादं परिपत्रक वाचतात, खासदाराला पत्र लिहितात, कधी फलक घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात. यावर ठरलेला शेरा असा, की अशानं एक तरी रणगाडा थांबला का? नाही थांबला. पण माझ्या मते गट त्यासाठी नसतोच. लढायला नकार देणारा माणूस एकटा पडू नये, यासाठी तो असतो.

फ्रान्झ येगरश्टेटर घ्या. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंडचा शेतकरी, तिथल्याच चर्चची देखभाल करणारा. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्याच्या 1938 च्या सार्वमतात नाझींच्या विरोधात मत देणारा गावातला एकटा. 1943 मध्ये हिटलरच्या सैन्यात लढायला त्यानं नकार दिला. त्याआधी तो लिंझच्या बिशपांना भेटून आला होता. सल्ला काय मिळाला? बायकोमुलींकडे बघ, युद्ध न्याय्य आहे की नाही, हे ठरवणं तुझं काम नाही. (बिशप दुष्ट नसावेत, घाबरलेले असावेत.) 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद झाला. बायकोला, फ्रान्झिस्काला, गावानं बोल लावले आणि विधवेचं पेन्शन 1950 पर्यंत मिळू दिलं नाही. 2007 मध्ये त्याच लिंझच्या कॅथीड्रलमध्ये चर्चनं त्याला ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. शेजारी चार माणसं उभी राहिली असती तर फ्रान्झ वाचला असता असं नाही, पण फ्रान्झिस्काचे दिवस तरी वेगळे गेले असते.

तर्कट

धागा छान, निष्कर्ष पटला नाही. येगरश्टेटरबद्दल आदर आहेच, पण हिटलर त्याच्या नकारामुळे गेला नाही. पॅक्स क्रिस्तीचे एक संस्थापक बिशप तेआस. 1944 मध्ये गेस्टापोने त्यांना अटक केली, आणि छावणीतही ते सोबतच्या कैद्यांना शत्रूवर प्रेम करायला सांगत होते. थोर माणूस, वादच नाही. पण फ्रान्स मुक्त केला कोणी? दोस्त सैन्याने. तोफांनी मोकळी करून दिलेल्या जमिनीवर मार्च 1945 मध्ये शांतिसंघटना निघाली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

चर्चची अधिकृत शिकवणसुद्धा स्वसंरक्षण नाकारत नाही. हानी गंभीर आणि निश्चित हवी, बाकीचे मार्ग खुंटलेले हवेत, यशाची शक्यता हवी, आणि उपाय रोगापेक्षा भयंकर नको. ‘न्याय्य युद्धा’च्या या अटी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आजही छापलेल्या आहेत. फेब्रुवारी 2022 मध्ये कीव्हमधल्या पोराला तुमचा गट काय सांगणार होता? पत्र लिही?

निळी शाई

तर्कटराव, तेआस यांचा विषय काढलातच तर 1942 पासून सुरुवात करा. तेव्हा दोस्तांच्या तोफा फ्रान्सच्या आसपासही नव्हत्या. ज्यूंची धरपकड सुरू झाली आणि तेआस यांनी निषेधाचं पत्र लिहिलं. टपालावर सेन्सॉरची नजर, म्हणून मारी-रोझ जिनेस्त नावाची बाई सायकलवरून ते पत्र एकेका धर्मग्रामात पोचवत फिरली. रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला) ते वाचलं गेलं. बिशपांची सही होतीच, पण टांगा बाईंनी मारल्या! मी गट म्हणते तो याला.

कीव्हमधल्या पोराला मी काहीही सांगणार नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि लांब बसून त्याला उपदेश करणं मला शोभणारही नाही.

पानगळ

निळी शाई, रणगाड्याच्या मुद्द्यावर तुम्ही उगाच हार मानलीत. थांबलेत की! मनिला, फेब्रुवारी 1986. कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना रस्त्यावर बोलावलं, आणि एड्सा रस्त्यावर फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोसच्या रणगाड्यांपुढे नन जपमाळा घेऊन गुडघे टेकून बसल्या. लोकांना वाटतं हे आपोआप घडलं. ऑस्ट्रियाच्या हिल्डेगार्ड गॉस-मायर आणि त्यांचे पती जाँ 1984 पासून तिथे अहिंसक प्रतिकाराची शिबिरं घेत होते. चिथावणी आली तर काय करायचं, समोरच्या शिपायाशी कसं बोलायचं, याची आधी तालीम झालेली होती.

तर्कट

अर्धीच गोष्ट सांगताय. संरक्षणमंत्री एनरिले आणि जनरल रामोस बंड करून छावणीत बसले होते, जमाव त्यांच्या बचावाला आला. बंदूकवाले फुटले म्हणून अहिंसा जिंकली. न फुटणारे समोर असते तर?

पानगळ

बंदूकवाले बंदूकवाल्यांवर गोळी झाडायला कचरत नाहीत. ते जपमाळवाल्यांपुढे कचरले. फरक आहे.

खडूफळा

अवांतर: अहिंसा म्हणताना मर्यादा कुठे आखायची? 17 मे 1968 ला अमेरिकेत केटन्सव्हिलला नऊ कॅथलिकांनी व्हिएतनाम युद्धासाठीच्या सैन्यभरतीच्या फायली कचेरीतून बाहेर आणल्या, घरी बनवलेलं नेपाम (आगीच्या बॉम्बमधलं चिकट इंधन) ओतून जाळल्या आणि प्रार्थना म्हणत पोलिसांची वाट बघत उभे राहिले. त्यांत दोन बेरिगन बंधू, दोघेही धर्मगुरू. कागद जळाला, माणूस नाही. तरी मला ते पचत नाही. आतल्या कारकुनांना केवढी दहशत बसली असेल.

कडूनिंब

मी अशा गटात काही वर्षं बसलोय, म्हणून बोलतो. अमेरिकेतल्या पॅक्स क्रिस्तीचं अहिंसेचं व्रत आमच्याकडेही वाचायचे. मुदत किती? एक वर्ष! विमा पॉलिसीसारखं दरवर्षी नूतनीकरण. पण माझी तक्रार ती नाही. लांबच्या क्षेपणास्त्रांवर ठराव एकमतानं व्हायचा. त्याच चर्चमध्ये पुढच्या बाकावर शस्त्रकारखान्यात नोकरी करणारा सभासद. त्याचा विषय निघाला की सगळ्यांना घरी जायची घाई. आणि लष्करी गणवेशातले धर्मगुरू? त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

निळी शाई

व्रताची सुरुवात माझ्या स्वतःच्या मनातली हिंसा मान्य करण्यापासून होते. जन्मभराचं वचन त्या माणसानं कशाच्या जोरावर द्यायचं? वर्षाचं ठीक आहे.

बाकी तक्रार रास्त आहे. 2016 मध्ये रोमच्या परिषदेनं, न्याय्य युद्धाचा सिद्धांत शिकवणं आता थांबवा, असं आवाहन केलं. 2020 च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की न्याय्य युद्धाचे जुने निकष आज लावणं फार कठीण आहे. मात्र पुढच्या बाकावरच्या माणसाशी कोण बोलणार, याचं उत्तर रोमहून येत नाही.

तर्कट

आवाहन झाले, निकष ग्रंथात तसेच आहेत. नोंद असावी.

पानगळ

कडूनिंब, तुमच्या कारखान्यातल्या माणसाबाबत एक उदाहरण आहे. 1981 मध्ये टेक्सासमधल्या अमरिलोचे बिशप मॅथिसन यांनी अण्वस्त्रं जोडणाऱ्या पॅन्टेक्स कारखान्यातल्या कामगारांना, नोकरी सोडण्याचा विचार करा, असं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्याच धर्मप्रांतातला कारखाना! सोडणाऱ्यांना हातभार लावायला निधीही उभा राहिला. गावात बोंबाबोंब झाली. नोकरी सोडणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, पण विचारलं तरी.

कडूनिंब

आधी निधी, मग उपदेश. हे चालेल. निळी शाई, तुमच्या गटात पुढच्या बैठकीला हा विषय घ्या आणि प्रत्येकी किती टाकणार तेवढं विचारा. कोण कोण घाईनं घरी जातं, ते इथे येऊन लिहा.