लिटिगेशनच (कोर्टात केसेस लढवणं) करायचंय, तर एलएलबीच्या उरलेल्या दोन वर्षांत काय घ्यावं? (पुणे)

कोथरूड_एलएलबी:
नमस्कार मंडळी. बी.कॉम. करून तीन वर्षांच्या एलएलबीला आहे, पुण्यातच, आता दुसरं वर्ष सुरू होतंय. मला शिवाजीनगर कोर्टात ट्रायल साईडला (जिथे साक्षी-पुरावे होतात तिथे) काम करायचंय हे पक्कं ठरलंय. वर्गातले बरेच जण कॉर्पोरेटकडे जाणार म्हणून चर्चा सगळी त्याच कोर्सेसची असते आणि घरात कुणी वकील नाही त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न आहे. ऑप्शनलला आमच्याकडे क्रिमिनॉलॉजी, बँकिंग, आयपीआर (पेटंट, कॉपीराइट वगैरे) असं आहे, त्यातलं काय घेऊ? लेक्चर्स सकाळी असतात, दुपार बऱ्यापैकी मोकळी. त्या वेळात मूट कोर्ट (कॉलेजातला सरावाचा खोटा खटला) करू की सरळ कोर्टात जाऊन बसू? आणि मराठीत ड्राफ्टिंग येणं खरंच लागतं का? माझं बारावीपर्यंत सगळं इंग्लिश मीडियम झालंय, म्हणून जरा धाकधूक आहे.

दिवाणी_शिवाजीनगर:
ऑप्शनलची एवढी काळजी करू नकोस, ट्रायल कोर्टात तुझं पोट भरणार ते कंपल्सरी विषयांवर. सीपीसी (दिवाणी दाव्यांची प्रक्रिया), लिमिटेशन (मुदतीचा कायदा), पुरावा कायदा, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी (मिळकतीचे व्यवहार) आणि स्पेसिफिक रिलीफ (करार पाळायला लावणं, मनाई हुकूम वगैरे). पण हे विषय नुसते वाचून डोक्यात बसत नाहीत, विशेषतः सीपीसी. माझं म्हणणं असं की एखाद्या वकिलांकडे जाऊन एक चालू दिवाणी फाईल माग, शक्यतो जमिनीच्या मनाई हुकमाची, आणि तीच फाईल वर्षभर धर. दावा वाच, मग निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज वाच, त्यावर समोरच्याचा से (म्हणणं) काय आलाय ते बघ, मग कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), मग कोर्टाने काढलेले मुद्दे. सीपीसीतले ऑर्डर ३९ रूल १ आणि २ (तात्पुरती मनाई) वर्गात शिकवतील तेव्हा तुझ्या डोळ्यासमोर त्या फाईलमधली माणसं असतील, बांध असेल, विहिरीची वाट असेल. ऑर्डर ७ रूल ११ चा (दावा सुरुवातीलाच फेटाळा असा) अर्ज आला तर कोर्ट फक्त दाव्यातलं कथन आणि दाव्यासोबतची कागदपत्रं बघतं, कैफियत बघत नाही, हे परीक्षेत दोन ओळींत लिहून सगळे मोकळे होतात पण प्रत्यक्ष युक्तिवाद ऐकल्यावरच कळतं की दावा लिहिताना एकेक वाक्य का तोलायचं असतं.

तसंच कैफियतीची मुदत. ३० दिवस, फार तर ९० दिवस असं पुस्तकात आहे, साध्या दाव्यात कोर्ट योग्य कारण असेल तर त्यापुढेही सवलत देऊ शकतं पण कमर्शियल दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंद. हा फरक पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगता आला पाहिजे.

आणि पुण्यात दिवाणी करायचं तर सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, खरेदीखत वाचता आलंच पाहिजे. हे कुठल्याच सेमिस्टरला नीट शिकवत नाहीत. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलासाठी असते, तरी निम्मे पक्षकार फेरफारच हातात घेऊन येतात.

फौजदारी_ज्युनिअर:
वरच्या सरांशी सहमत, फक्त फौजदारीचं थोडं सांगतो. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया) आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे तीन कायदे आलेत तरी जुने टाकून देऊ नकोस. त्याआधीचे गुन्हे आयपीसीखालीच चालणार आणि त्या केसेस अजून वर्षानुवर्षं कोर्टात असणार आहेत. त्यामुळे दोन्हीचे नंबर शेजारी शेजारी पाठ पाहिजेत. प्रक्रियेच्या कायद्यात अटकपूर्व जामीन कलम ४३८ चा आता ४८२ झाला, रेग्युलर जामीन ४३९ चा ४८३. चार्जशीट ६० किंवा ९० दिवसांत आली नाही तर मिळणारा डिफॉल्ट जामीन आता कलम १८७ मध्ये आहे, तो एकदा तारखांचा हिशेब मांडून नीट समजून घे कारण तिथे एका दिवसाने माणूस आत राहतो किंवा बाहेर येतो.

पुराव्यात सगळ्यात जास्त वेळ इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दे. जुन्या पुरावा कायद्याचं ६५ब, आता नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३, अशा पुराव्यासोबत द्यायच्या सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मुळातून वाच, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून गेलेलं प्रकरण आहे, सर्टिफिकेट कधी लागतं कधी नाही ते त्यात स्वच्छ सांगितलंय. आज सीसीटीव्ही आणि व्हॉट्सॲप नाही अशी केस दाखवा मला.

ऑप्शनलला मी बँकिंग म्हणेन. क्रिमिनॉलॉजी वाचायला छान आहे पण उलटतपासाला त्याचा काही उपयोग होत नाही. बँकिंगमध्ये चेक बाउन्स येतो, कलम १३८ च्या केसेस तुला पहिल्याच वर्षी हातात मिळतील. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवस पैसे द्यायला, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. शिवाय सरफेसीचं (बँकेने तारण मिळकत ताब्यात घेण्याच्या कायद्याचं) काम आणि डीआरटी (बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण) पुण्यातच आहे.

हायकोर्ट_येऊनजाऊन:
मूटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मूट कर, पण एक दोनच, आणि त्यासाठी कोर्टाची दुपार सोडू नकोस. मूटमध्ये अपिलासारखा युक्तिवाद शिकतो आपण, जजच्या प्रश्नाला न घाबरता उत्तर द्यायला शिकतो, ते फार मोलाचं आहे. साक्षीदार कसा उभा करायचा, सरतपासाचं (आपल्याच साक्षीदाराच्या साक्षीचं) शपथपत्र कसं लिहायचं, उलटतपासात कुठे थांबायचं हे मात्र मूटमध्ये येतच नाही. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात मूटच्या पेपरमध्येच एक दिवाणी आणि एक फौजदारी ट्रायल बघून लिहायचं काम असतं, बरीच मुलं ते मित्राच्या वहीतून उतरवतात. तू खरंच जाऊन बस. इंटर्नशिपचे तीन वर्षांत किमान १२ आठवडे लागतात, तेही ट्रायल वकिलांकडेच घाल.

मराठीचं म्हणशील तर हो, लागते. राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, साक्ष मराठीत होते, पोलिसांचे जबाब आणि पंचनामे मराठीत. साक्षीदार "ढकललं" म्हणाला की "मारलं" म्हणाला यावर कलम बदलतं. रोज एक जुना निकाल किंवा दावा मराठीत मोठ्याने वाच, सहा महिन्यांत हात बसेल. इंग्रजीही सोडू नकोस कारण कोल्हापूरला २०२५ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच (शाखा) सुरू झालं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपली अपिलं आणि रिट मुंबई हायकोर्टातच जातात आणि तिथे काम इंग्रजीत चालतं.

आणि पुढे जज व्हायचा विचार आला तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची झालीय, ती प्रोव्हिजनल एनरोलमेंटपासून (वकील म्हणून तात्पुरत्या नोंदणीपासून) मोजतात. म्हणून निकाल लागला की सनदेला (वकिलीच्या परवान्याला) उशीर करू नकोस. एनरोलमेंटची फी सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ओपनसाठी ७५० आणि एससी-एसटीसाठी १२५ रुपयेच असं ठरवून दिलंय.

कोथरूड_एलएलबी:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. बँकिंग घेते मग. ताई, तुम्ही म्हणालात ते मोठ्याने वाचणं आजपासूनच सुरू करते. एकच अडचण, ओळख नसताना वकिलांकडे फाईल मागायला जायचं कसं? नाही म्हणाले तर?

दिवाणी_शिवाजीनगर:
काही जण नाही म्हणतील, तरी पुढच्याकडे जा. आधी आठवडाभर एकाच कोर्टात मागच्या बाकावर बस, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) वाच, कोण वकील तयारीने येतात, साक्षीदाराशी नीट बोलतात ते बघ. मग संध्याकाळी त्यांच्या ऑफिसला जा, कोर्टाच्या गडबडीत पॅसेजमध्ये गाठू नकोस. "सर, अमुक तारखेचा तुमचा उलटतपास ऐकला, त्यातला हा प्रश्न का विचारलात ते कळलं नाही" असं विचार, ते बसवून समजावतील. तारखा लिहिणं, नकलेचा अर्ज देणं, रोजनामा (केसमध्ये त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) बघून येणं अशी कामं आपणहून माग. आणि फाईलचे फोटो मोबाईलमध्ये काढणार नाही, पक्षकाराची गोष्ट बाहेर कुठेही बोलणार नाही, हे तूच पहिल्या दिवशी सांग, मग फाईल हातात यायला वेळ लागत नाही.