जलपर्णीत बेडूक लुअर: रॉड-रील कोणती घ्यावी?

प्रश्न: नाशिकला गोदावरीत जलपर्णी दाटलीय, तिथे मरळीसाठी बेडूक लुअर (बेडकाच्या आकाराचं पोकळ, मऊ आमिष) वापरायचाय. सध्या ६ फुटी मीडियम रॉड, २५०० आकाराची स्पिनिंग रील, मोनो (एकेरी नायलॉनची) लाइन. मरळ उसळते पण गळाला लागत नाही. लागली तर वेलीत घुसते. आधी काय बदलू?

प्रतिसाद १: आधी लाइन. मोनो ताणते, झटक्याचा जोर गळापर्यंत पोचतच नाही. ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड (विणलेली, जवळजवळ न ताणणारी लाइन) घ्या, लीडर (लाइन आणि लुअरमधला वेगळा तुकडा) नको, लुअरला थेट पालोमार गाठ (दुहेरी लाइनची पक्की गाठ). रीलच्या रिकाम्या स्पूलवर (लाइन गुंडाळतो तो भाग) ब्रेडेड नुसती गुंडाळलीत तर अख्खी गरागरा फिरते. खाली मोनोचे आठ-दहा वेढे द्या. रॉड ७ फुटी, हेवी, फास्ट अॅक्शन (टोकाकडेच वाकणारी). टोक जरा लवचीक हवं, नाहीतर हलका बेडूक लांब जाणार नाही. रील बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारी, आडव्या स्पूलची), गिअर ७:१ (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात) किंवा वर, ड्रॅग (लाइन सुटू देणारा ब्रेक) जवळजवळ पूर्ण घट्ट.

प्रतिसाद २: बेटकास्टरवर हात बसेपर्यंत गुंता ठरलेला! ४००० ची स्पिनिंग आणि ४० पौंडी ब्रेडेडवरही भागतं. खरी चूक झटक्यात होते. उसळी दिसताच ओढू नका. वजन जाणवलं की रॉड खाली, ढील गोळा, मग जोरात वर. आणि रील थांबवायची नाही, मान वळली की मरळ वेलीत गेलीच.

प्रतिसाद ३: गळाची टोकं बेडकाच्या पाठीत रुतली असतील तर पक्कडीने केसभर बाहेर काढा. आत पाणी शिरलं की बेडूक बुडतो, अधूनमधून पिळा. नांदूर मध्यमेश्वर मात्र अभयारण्य आहे, तिकडे गळ नको.