आजोबांच्या तबकड्या वाजवायला कोणता प्लेयर घ्यावा?

अनघा_सांगली
आजोबांच्या ट्रंकेत बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या जाड, जड 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या निघाल्या, शिवाय थोड्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या. लेकीला त्या ऐकायच्याच आहेत. ऑनलाइन सूटकेससारखे प्लेयर स्वस्तात दिसतात, तिन्ही स्पीड आहेत म्हणे. घेऊ का? तबकड्यांवर बुरशीही आहे. सॅनिटायझरने पुसल्या तर चालतील?

जुनी_खाच
अनघाताई, सॅनिटायझर अजिबात नको! 78च्या तबकडीत लाख असते आणि अल्कोहोलमध्ये ती विरघळते. गार पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं राहू द्या आणि लगेच सुती कापडाने टिपा. मग टॉर्च तिरका धरून बघा. खाचा काळ्या चमकल्या तर उत्तम, करड्या दिसल्या तर झिजलेल्या.

आता प्लेयर. अमेरिकेत 2022 साली नगांच्या हिशेबाने विनाइल (एलपीसारख्या प्लॅस्टिकच्या तबकड्या) सीडीपेक्षा जास्त खपलं, 1987 नंतर प्रथमच. पण ही लाट एलपीची आहे, सूटकेस प्लेयरही तिच्यासाठीच निघतात. 78ची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. नुसता स्पीड असून भागत नाही, 78ची वेगळी सुई लागते. त्यात या प्लेयरच्या सुईचा भार साधारण पाच ग्रॅम, चांगल्या कार्ट्रिजचा (सुई बसते त्या भागाचा) दोनच्या आसपास. आजोबांच्या एलपींवर तो भार टाकू नका.

ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एलपी120 हा प्लेयर बघा. महाग आहे, पण 78 स्पीड आहे, भार कमी-जास्त करता येतो आणि त्याच कार्ट्रिजला 78ची सुई बसते.

रत्नागिरीचा_पक्या
आमच्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे. त्यावर चालेल?

जुनी_खाच
78 चालेल, पण दर बाजूला नवी पिन लावा. एलपी चुकूनही नको, त्याच्या साउंडबॉक्सचा (पिन बसते त्या डबीचा) भार शंभरेक ग्रॅम असतो.

ताई, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात गायकाला सगळं मांडावं लागे. फार जुनी तबकडी असेल तर शेवटपर्यंत ऐका. 1902 साली गौहर जान गाणं संपवून आपलं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्यांना गायिका कोण ते कळायला हवं होतं.

अनघा_सांगली
सॅनिटायझर ठेवून दिला. 78ची सुई प्लेयरबरोबरच येते का?

जुनी_खाच
नाही, वेगळी मागवावी लागते. ती येईपर्यंत तबकड्या उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका.