मागणीनुसार बांधून घेतलेली ९११ ताब्यात घेताना: आधी पासिंग की आधी तपासणी?

सहकारनगरकर:

नमस्कार मंडळी. मी मागणी नोंदवलेली पोर्श ९११ करेरा आता मुंबईत विक्रेत्याच्या यार्डात येऊन दाखल झाली आहे. ही शोरूममध्ये उभी असलेली तयार गाडी नव्हे. रंग, आसनांचे चामडे, त्यावरच्या शिलाईचा धागा, स्पोर्ट्स एक्झॉस्ट, गाडीचा पुढचा भाग वर उचलणारी यंत्रणा असे सगळे एकेक करून निवडलेले आहे. त्यामुळे आलेली गाडी कागदावरच्या गाडीशी जुळते की नाही याची उत्सुकता आहे आणि थोडी धाकधूकही आहे.

विक्रेत्याच्या प्रतिनिधींनी सुचवलेला क्रम असा आहे: मी उरलेली सर्व रक्कम भरावी, त्यांनी बीजक, विमा आणि पासिंग उरकून नंबरपाट्या लावाव्यात आणि गुढीपाडव्याच्या सकाळी शोरूममध्ये कुटुंबासमोर गाडीवरचे आच्छादन दूर करावे. पाडव्याचा आग्रह वडिलांचा आहे आणि तो मला मोडायचा नाही. परंतु या क्रमाने गेल्यास मी गाडी प्रथम पाहीन ती माझ्या नावावर झाल्यानंतरच. पासिंगआधी गाडी पाहण्याचा आग्रह धरणे रास्त आहे का, आणि धरलाच तर नेमके काय पाहावे? पासिंग पुण्यात, म्हणजे एमएच १२ मध्ये करायचे आहे, तेव्हा करांविषयीही कोणी सांगितले तर बरे होईल. शिवाय आमच्या मेव्हण्यांनी विचारले आहे की जर्मनीला जाऊन थेट कारखान्यातूनच गाडी का घेतली नाही. त्यांना काय सांगावे हे मला सुचलेले नाही.

घाटवाट:

अभिनंदन. आग्रह रास्त आहेच, आणि माझ्या मते आपल्या सगळ्या प्रश्नांत हा एकच प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. पासिंग झाले की पुढचा कोणीही त्या गाडीचा दुसरा मालक ठरतो. त्याआधी काही दोष दिसला तर विक्रेत्यालाही तो निस्तरण्याची घाई असते, कारण गाडी त्याच्या खात्यावर पडून असते. किंमत कमी करणे, सुटा भाग बदलून देणे, अगदी व्यवहार रद्द करणे, हे सगळे मार्ग तेव्हा खुले असतात. पासिंगनंतर व्यवहारात वॉरंटीतील दुरुस्ती एवढेच हाती उरते. मागणीनुसार बांधलेल्या गाडीची तर यार्डात जोडीची दुसरी गाडी नसते की ही परत करून ती न्यावी. पूर्ण बांधणीच्या नव्या गाडीची आरटीओकडून आता प्रत्यक्ष तपासणी होत नाही, त्यामुळे आपल्याखेरीज कोणी त्रयस्थ माणूस ती पाहील अशीही अपेक्षा नको.

पाहायला जाताना मागणीपत्राची शेवटची, म्हणजे कारखान्यात बांधणी सुरू होण्यापूर्वी गोठवलेली प्रत सोबत ठेवा. बुकिंगच्या दिवशीची प्रत उपयोगाची नाही, कारण मधल्या काळात आपणच दोन-तीन गोष्टी बदललेल्या असतात आणि मग वाद स्वतःच्याच जुन्या कागदाशी होतो. त्या प्रतीवरील प्रत्येक ओळीसमोर गाडीतील वस्तू बोट ठेवून पाहा. शिलाईचा धागा, सीटबेल्टचा रंग, डोकेटेकूवरील उमटवलेले चिन्ह, दोन्ही किल्ल्या या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी झाल्या. न दिसणाऱ्या गोष्टी चालवून घ्या. पुढचा भाग उचलणारी यंत्रणा सुमारे ४० मिलिमीटर उंची वाढवते. आपल्याकडच्या गतिरोधकांवर ती रोज लागणार असल्याने ती दोन-तीनदा वर-खाली करायला सांगा. एक्झॉस्टची झडप बटणाने उघडते की नाही ते बाहेर उभे राहून ऐका. ९११ मध्ये सुटे चाक नसते, त्याऐवजी हवेचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवणारे द्रव्य असते, तेही जागेवर आहे का पाहा.

रंगाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण फसगत होते ती इथेच. जहाज, बंदर, ट्रक, यार्ड अशा प्रवासात एखादा पत्रा खरचटला तर तो गुपचूप रंगवून घेतला जाण्याची शक्यता असते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या, वेगळ्याच कंपनीच्या गाडीचे मागचे दार असे पुन्हा रंगवलेले निघाले आणि ते विकण्याच्या वेळी उघडकीस आले. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र भाड्यानेही मिळते. मात्र सध्याच्या पिढीच्या ९११ चे बाहेरचे पत्रे जवळजवळ सर्व ॲल्युमिनियमचे आहेत. केवळ लोखंडावर चालणारे स्वस्त यंत्र तेथे काहीच दाखवणार नाही, म्हणून ॲल्युमिनियमवर चालणारेच यंत्र घ्या. पुढचे व मागचे बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यांच्यावर ही यंत्रे निरुपयोगी असतात; तेथे सांध्यांच्या कडा, आतील बाजूला उडालेले रंगाचे तुषार आणि शेजारच्या पत्र्याशी जुळणारी छटा पाहावी लागते. आकड्याविषयी फार काटेकोर राहू नका. सर्व पत्रे साधारण सारखे आकडे दाखवत असतील आणि एकच पत्रा दुप्पट दाखवत असेल तर त्याचे कारण विचारा.

हे सगळे यार्डात, भर दिवसा आणि गाडीला पॉलिश होण्यापूर्वी करा. शोरूमच्या दिव्यांखाली कोणतीही गाडी निर्दोषच दिसते.

कागदोपत्री:

घाटवाट यांच्याशी पूर्ण सहमत. मी पैशांपुरते लिहितो.

महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर एकरकमी वाहनकराचा दर २० टक्के आहे, परंतु कराला कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. गाडीची किंमत दोन कोटींच्या घरात असेल तर २० टक्क्यांनी ४० लाख होतात, म्हणजे आपल्याला ३० लाखांची मर्यादा लागू होईल. अशा मोठ्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन सरसकट ४० टक्के झाला आहे. आपले बुकिंग त्यापूर्वीचे असले तर बीजक नव्या दरानेच बनले आहे याची खात्री करा. आयात शुल्क आपण वेगळे भरायचे नसते, ते किमतीत धरलेले असते. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का कर उगमस्थानी गोळा करतो. तो खर्च नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण त्यासाठी बीजकावर पॅन अचूक हवा.

विम्यात मात्र लक्ष घाला. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, तो होतोच. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात गाडीचे मूल्य ठरवताना विमा कंपनीची संगणक प्रणाली मूळ मॉडेलची किंमत आपोआप उचलते आणि आपण निवडलेल्या जादा गोष्टी वगळल्या जातात. मागणीनुसार बांधलेल्या गाडीत या गोष्टींचीच किंमत तीस-चाळीस लाख होऊ शकते. बीजकात त्या वेगळ्या ओळींत दाखवायला सांगा आणि पॉलिसीतील मूल्य त्यांच्यासह धरून घ्या. बीजकाची पूर्ण रक्कम परत मिळवून देणारे आणि पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरल्यास भरपाई देणारे, अशी दोन्ही पूरक संरक्षणे घ्यावीत असे माझे मत आहे.

आणखी एक बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०२१ च्या नियमांनुसार जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख आणि राज्य आयोगाची दोन कोटी आहे. मोजलेली रक्कम दोन कोटींच्या वर गेली तर तक्रार थेट दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगात करावी लागते. पासिंगआधीची अर्ध्या दिवसाची तपासणी त्या मानाने फार स्वस्त पडते.

पसंतीचा क्रमांक हवा असेल तर तो पासिंगआधी राखून ठेवावा लागतो. पुण्यात ०००१ साठी आता सहा लाख मोजावे लागतात. ०९११ हवा असणारे आपण एकटेच असाल असेही समजू नका.

नेकारकाठ:

मी स्टुटगार्टला राहतो, म्हणून मेव्हण्यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. ९११ ची बांधणी स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातील कारखान्यात होते आणि तेथे ग्राहकाला कारखान्यातून गाडी ताब्यात घेण्याची सोय आहे. लाइपझिगच्या कारखान्यातही ती आहे आणि तेथे शेजारीच चाचणीचा वळणमार्ग आहे. ही सोय जर्मनीत किंवा आसपास राहणाऱ्यांसाठी उत्तम आहे. भारतात नेण्याच्या गाडीसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण भारताच्या आयात धोरणात नवी गाडी म्हणजे परदेशात कोठेही नोंदणी न झालेली आणि आयातीपूर्वी विकली, भाड्याने वा वापरायला दिली न गेलेली गाडी. येथे तात्पुरती पाटी लावून ब्लॅक फॉरेस्टमध्ये एक फेरी मारली की ती भारताच्या दृष्टीने जुनी गाडी ठरते आणि तिला वेगळे, अधिक कडक नियम लागू होतात. मेव्हण्यांना म्हणावे, गाडी पाहायची असेल तर त्सुफेनहाउझेनला पोर्शचे संग्रहालय आहे, तेथे खुशाल यावे.

घाटवाट यांच्या तपासणीत एका गोष्टीची भर घालतो. चॅसिस क्रमांक पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून वाचा आणि तो बीजकाशी अक्षरशः ताडून पाहा. त्याची सुरुवात डब्ल्यू, पी, शून्य अशी असते, दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते आणि अकरावे ‘एस’ म्हणजे स्टुटगार्ट. दहावे अक्षर ‘एस’ असेल तर २०२५ आणि ‘टी’ असेल तर २०२६. मॉडेलचे वर्ष आणि प्रत्यक्ष बांधणीचा महिना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसीवर बांधणीचा महिना येतो आणि तो फॉर्म २२ वरून, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या कंपनीच्या प्रमाणपत्रावरून, घेतला जातो, म्हणून तो फॉर्मही पासिंगआधी डोळ्यांखालून घाला. सागरी प्रवासात नवे वर्ष उजाडले असेल तर आरसीवर मागचे वर्ष येईल. त्यात गैर काही नाही, पण ते आधी कळलेले बरे. टायरच्या कडेवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. टायरवर ‘एन’ या अक्षराने सुरू होणारा शिक्का असला पाहिजे, ती पोर्शच्या मान्यतेची खूण आहे. वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा जादा भरलेली असते, ती कमी करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

रंगपारखी:

रंगरक्षक फिल्मविषयी, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक आवरणाविषयी, थोडक्यात. कारखान्यातील रंग भट्टीत वाळवलेला असतो, त्यामुळे फिल्म लावण्यासाठी थांबण्याची गरज नाही. शक्य असल्यास गाडी फ्लॅटबेड ट्रकवरून थेट फिल्म लावणाऱ्या स्टुडिओत न्यावी, कारण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील एकाच प्रवासात पुढच्या बंपरवर खडीचे टवके उडू शकतात. विक्रेत्याला गाडी धुण्यापुरतीच परवानगी द्या, पॉलिशची नको. पुढची नंबरपाटी कोठे आणि कशी बसणार हेही लेखी ठरवा. तिच्यासाठी बंपरला पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही.

सहकारनगरकर:

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्यांशी बोललो, पासिंगआधी यार्डात गाडी दाखवण्यास त्यांनी सहज होकार दिला, जाडीमापक यंत्रालाही हरकत नाही म्हणाले. त्यांचे म्हणणे एवढेच की पूर्ण रक्कम आधी जमा व्हावी. हे मान्य करावे का? आणि गाडी पुण्याला चालवत आणण्याचा मोह होतो आहे, तो कितपत योग्य?

कागदोपत्री:

अंतिम बीजक बनण्यापूर्वी तपासणी, हा क्रम सोडू नका. रक्कम त्यांच्याकडे असणे तितके धोक्याचे नाही. चॅसिस क्रमांकासह बीजक बनले की त्यावर विमा आणि पासिंगचे काम पुढे सरकू लागते, ते थांबवणे अवघड असते. बँकेचे कर्ज असेल तर मंजुरीपत्र दाखवा आणि रक्कम तपासणीनंतर वर्ग करा. कर्ज नसेल तर थोडी रक्कम राखून उरलेली भरा आणि ‘तपासणी समाधानकारक झाल्यावर बीजक करावे’ अशी एक ओळ ईमेलने पाठवून तिला त्यांची पोच घ्या. दूरध्वनीवरचा होकार सौजन्याचा असतो, पण त्यावर विसंबू नका.

घाटवाट:

यार्डातील तपासणी पाडव्याच्या किमान आठवडाभर आधी उरका, म्हणजे काही निघालेच तर मुहूर्तही टळणार नाही. आच्छादन दूर करण्याचा सोहळा ठरल्याप्रमाणे होऊ द्या. आपण गाडी आधी पाहिली आहे हे वडिलांना कळण्याचे कारण नाही.

चालवत आणण्याबाबत रंगपारखी यांचे ऐका, पण त्याचे कारण केवळ खडी नव्हे. नव्या टायरची आणि ब्रेकची पकड पहिल्या काहीशे किलोमीटरपर्यंत पूर्ण येत नाही. पोर्शच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत पहिल्या ३,००० किलोमीटरपर्यंत इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे साधारण ४,००० च्या वर नेऊ नयेत असे सांगितलेले असे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय मर्यादा आहे ती वाचा आणि तीच पाळा. एकाच वेगाने तासभर चालवणे नव्या इंजिनाला मानवत नाही आणि द्रुतगती मार्गावर नेमके तेच घडते. त्यापेक्षा फिल्म लावून झाल्यावर पहाटे सिंहगड पायथा, पानशेत असा चढ-उताराचा रस्ता घ्या.

पूजेच्या वेळी स्वस्तिक बॉनेटवर न काढता काचेवर काढायला सांगा. ओल्या हळदीचा डाग फिल्मवर पिवळा राहतो, काचेवरून तो पुसला जातो. गुरुजी इंजिनापुढे फूल ठेवायचे म्हणून पुढचे झाकण उघडायला सांगतील, तेव्हा आत सामान ठेवायची जागा निघेल आणि सगळे बुचकळ्यात पडतील. इंजिन मागे आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि नारळ गाडीपासून दोन हात लांब फोडा.